बंपरची चकाकी

आमच्या आण्णांनी १९७८ साली जुनी फियाट घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, ११०० डिलाइट. उसाचं बिल जमा झालं की आण्णा तिच्यातनं बँकेत जायचे. आण्णा गेले आणि गाडी बारा वर्षं गोठ्याशेजारच्या छपरात उभी राहिली. गोठ्याची वाफ आणि पावसाळ्याची ओल, दोन्हींनी मिळून बंपर खाल्ले. धाकट्यानं इंजिन चालू केलं. बंपरचं काम माझ्याकडं आलं.

गावाजवळ एकजण म्हणाला, “एका दिवसात चमकवून देतो.” दर निम्मा. कोल्हापुरातले म्हातारे वस्ताद मात्र बंपरवर बोट फिरवून म्हणाले, “मामा, दहा दिवस लागतील. क्रोम शेवटी दोन-चार मिनिटांचं काम. बाकी सगळी मशागत.”

मशागत म्हटल्यावर मला समजायला सोपं गेलं. आधी ॲसिडात जुना क्रोम उतरवायचा, मग वीज उलटी देऊन खालचं निकेल काढायचं. उघड्या पत्र्याला पोचा असेल तर ठोकून सरळ करायचा, गंज घासायचा, बफवर धरायचा. मग तांब्याचा थर. त्यानं बारीक खड्डे भरतात, म्हणून पुन्हा बफ. त्यावर निकेल, वीस-तीस मायक्रॉन. क्रोमचा थर तर एक मायक्रॉनसुद्धा नसतो. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, त्यावरनं हिशेब करा. क्रोम नुसता निळसर झाक देतो आणि निकेल काळवंडू देत नाही. गंज अडवायचं काम निकेलचं. निकेल पातळ असलं तर एका पावसाळ्यात तांबूस ठिपके फुटतात. निम्म्या दराचं गणित तिथं कळलं.

क्रोमची टाकी लालभडक. तिच्यात माल धुतलेलं पाणी पिवळंधमक. वस्तादांचा आवाज नाकातनं यायचा. टाकीतनं बारीक तुषार उडतात, वर्षानुवर्षं ते हुंगून त्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं होतं. याच क्रोमनं फुप्फुसाचा कर्करोगही होतो. आता टाकीवर ओढून घेणारा पंखा होता.

आमची जमीन शिरोळ तालुक्यात, पंचगंगेकाठी. कोल्हापूरचं पाणी खाली आमच्याकडंच येतं. म्हणून विचारलं, “वस्ताद, हे पिवळं पाणी जातं कुठं?”

“पूर्वी गटारात जायचं. आता चला, दावतो.”

मागं वेगळी टाकी होती. त्यांनी पिवळ्या पाण्यात ॲसिड आणि मेटाबायसल्फाइटची पूड घातली. बघता बघता पाणी हिरवं झालं. म्हणाले, जहाल क्रोम आता मवाळ झाला. मग चुन्याची निवळी; हिरवा गाळ तळाला बसला. तो वाळवून कोंबायचा पिशव्यांत आणि धोक्याचा कचरा नेणाऱ्या गाडीला पैसे मोजून द्यायचा. “दर जास्त का, ते आता कळलं का मामा?”

कळलं. दोन्ही बंपर त्यांच्याकडंच टाकले. स्टेनलेसच्या निघाल्या त्या पट्ट्यांना क्रोम लागतच नाही. त्या घरी पॉलिशनं घासल्या.

आता जुन्या गाड्यांची हौस असलेली पोरं पत्ता विचारायला येतात. मी सांगतो, बाबांनो, कुठंही जावा, पण दर ठरवायच्या आधी दोन गोष्टी विचारा. निकेल किती देणार? आणि पिवळं पाणी कुठं सोडणार?