नखावरची शाई

मे महिन्यातल्या उन्हाला बोरिवलीत दोन वास असतात. एक राष्ट्रीय उद्यानाकडून येणारा, वाळल्या पाचोळ्याचा. दुसरा गोराईकडून येणारा, ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलाचा. 20 मे 2024 च्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मतदानाच्या रांगेत आईच्या मागे उभी होते, तेव्हा वाऱ्याच्या लहरीनुसार हे दोन्ही वास आळीपाळीने येत होते, भिंतीवरचा पहिलीतल्या कुणीतरी रंगवलेला कागदी सूर्य एका कोपऱ्यातून सुटून फडफडत होता, आणि रांगेतली माणसं पाण्याच्या कपातीबद्दल, गुडघ्यांबद्दल, हापूस उतरल्याबद्दल बोलत होती. निवडणुकीबद्दल कुणीच नाही. निकाल सगळ्यांना ठाऊक होता.

तरी रांग सरकत होती.

आमच्या उत्तर मुंबईला वर्तमानपत्रं बालेकिल्ला म्हणतात. लहानपणी राजगडाच्या बालेकिल्ल्यावर गेले होते. तो उभा कातळ, हाताला चटका देणाऱ्या खोबण्या, छातीत धडधडणारी भीती, आणि वर पोचल्यावर एकाएकी काहीच नाही. वारा, गवत, आणि चंद्रतळ्याचं हिरवं, न हलणारं पाणी. लढाया खाली, माच्यांवर होत असणार; इथे वर त्यांचे नुसते आवाज येत असतील. हा शब्द वाचला की मला तटबंदी आठवत नाही. ते पाणी आठवतं.

पण हे पाणी कायम असं निश्चल नव्हतं. 1962 साली उत्तर मुंबईत कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी समोरासमोर उभे होते. देशाचा संरक्षणमंत्री एकीकडे आणि काँग्रेसचा एकेकाळचा अध्यक्ष दुसरीकडे. मेनन जिंकले, आणि त्याच वर्षी चीनचं युद्ध चालू असतानाच त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. आई तेव्हा लहान होती. त्या निवडणुकीतलं तिला एवढंच आठवतं की आजोबा रात्री उशिरा सभेहून यायचे आणि त्यांच्या सदऱ्याला विड्यांचा वास असायचा.

1977 चं मात्र तिला सगळं आठवतं. गोरेगावची चाळ, पहाटे तीनला नळाची पहिली खरखर, रांगेत झोपाळलेले हंडे, कळश्या, डालड्याचे डबे. पाणी येण्याआधी नळातून येणारा तो हवेचा सुस्कारा ती अजून तोंडाने करून दाखवते. मृणाल गोरे त्या नळाखालून राजकारणात आल्या होत्या. लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायचे. महागाईविरुद्ध बायकांनी लाटणी घेऊन काढलेले मोर्चे, मग आणीबाणी, तुरुंग, आणि त्या मार्चमध्ये गल्लीबोळांतून घुमलेली घोषणा: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात! आईचं ते पहिलं मत. मत देऊन परतताना तिला वाटलं होतं, आपण भरलेला हंडा जपून घरी नेतोय.

मग आम्ही बोरिवलीत आलो. राम नाईक इथून आमदार झाले 1978 मध्ये, खासदार 1989 मध्ये, आणि तेव्हापासून ओळीने पाच वेळा तेच. लोकलच्या प्रवाशांसाठी भांडणारा माणूस. आणि आमचं अख्खं उपनगर तर एका हाताने कडी धरूनच मोठं झालेलं. दहिसर नदी तुळशी तलावापासून निघते आणि एकदा वाट पडली की त्याच वाटेने खाडीला मिळते, तसं मतांचं झालं. दोनदा मात्र पात्र बदललं. 2004 मध्ये अभिनेता गोविंदाने नाईकांना हरवलं, 2009 मध्ये संजय निरुपम यांनी, तेही सहा हजारांहून कमी मतांनी. त्या वर्षी निकालाच्या दुपारी सोसायटीतल्या खिडक्याखिडक्यांतून टीव्हीचा एकच आवाज येत होता, वडील हातातला चहा प्यायचं विसरले होते, जिन्यात भेटलेली माणसं हलक्या आवाजात विचारत होती, किती राहिले, किती राहिले. तेव्हा प्रत्येक मताला वजन होतं.

त्यानंतर फरक लाखांत गेला. 2014 मध्ये चार लाखांच्या वर, 2019 मध्ये पुन्हा चार लाखांच्या वर. 2024 मध्ये साडेतीन लाखांवर. हे आकडे वाचताना मला अभिमानही वाटत नाही आणि रागही येत नाही. लोकांनी मनापासून दिलेली मतं आहेत ती. वाटते ती एक हुरहूर. कुणीतरी आपली वाट पाहत असावं, आपण गेलो नाही तर त्याचं काही अडावं, ही माणसाची किती जुनी भूक आहे. सुरक्षित मतदारसंघात कुणी अडून राहत नाही. दारावरची बेल वाजते, पत्रक सरकवलं जातं, आणि दार उघडेपर्यंत पावलं पुढच्या मजल्यावर गेलेली असतात.

रांगेत मी आईला हळूच विचारलं, "आई, लाखांत तुझं एक. एवढ्या उन्हात कशाला?"

ती पिशवीत काहीतरी शोधत होती. "चष्मा घरी राहिला गं," ती म्हणाली. "चिन्ह नीट दिसेल ना मला?"

आत गेल्यावर तिने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली, बांगड्या विकत घेताना करावी तशी, थोडी लाजत. शाई म्हैसूरहून येते, 1962 च्या त्या निवडणुकीपासून. लावताना जांभळी असते, उन्हात आली की काळी पडत जाते. दारातून बाहेर पडताना आई बोट उन्हात धरून उभी राहिली.

नख वाढत गेलं तशी ती रेघ वर सरकत गेली. पहिल्या पावसात ती नखाच्या मुळाशी होती, मोदकांची पारी वळताना मध्यापलीकडे, आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी अगदी टोकाला. आई गॅलरीत नखं कापायला बसली होती. नऊ बोटं झाली. दहाव्यापाशी ती थांबली, बोट उजेडाकडे धरलं, आणि नेलकटर मिटून ठेवला.