दोन हिरवी बटणं

तुमच्या घरचा फूड प्रोसेसर झाकण नीट बसल्याशिवाय सुरू होत नाही ना? घाईच्या वेळी त्याचा रागही येतो. आमच्या कारखान्यातल्या मशीनचा एकाला असाच राग आला, आणि त्याला घाई लावणारी मी होते.

आम्ही बडोद्याचे. मकरपुरा जीआयडीसीत ह्यांचा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा छोटा कारखाना आहे. हिशेब आणि ऑर्डरी मी बघते. सेक्शन कापायच्या मशीनचं गोल पातं टेबलाखाली असतं, मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेणारं. दोन हिरवी बटणं दोन हातांनी दाबली, की हवेच्या दाबावरचे क्लॅम्प सेक्शन घट्ट धरतात आणि पातं वर येतं. दोन्ही हात बटणांवर असले, म्हणजे एकही पात्याजवळ नाही. मध्ये पिवळ्या डबीवर छत्रीसारखं लाल बटण. ते दाबलं की सगळं बंद आणि बटण तसंच अडकून बसतं. फिरवून सोडवलं तरी मशीन आपोआप सुरू होत नाही, होताही कामा नये. मात्र बंद केल्यावरही पातं थोडा वेळ फिरत राहतं. माणूस फसतो तो तिथेच.

दिवाळीआधी एका बिल्डरची ऑर्डर तुंबली होती. मी दर अर्ध्या तासाला ऑफिसातून ओरडायची, "झालं का?" लहान तुकडे क्लॅम्पमध्ये सरकत होते, हातानं धरावे लागत होते. शेवटी कारागिरानं डावं बटण दाबून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. मला आत बसून एवढंच कळलं, की काम झपाट्यानं होतंय. खूश होऊन मी चहा पाठवला!

दुपारी खाडकन आवाज आला. तुकडा उडाला होता आणि हातमोज्याच्या अंगठ्याचं टोक गेलं होतं. बोट वाचलं, फक्त खरचटलं. पोरगा पांढराफटक पडून मला विनवत होता, "भाभी, शेठने ना कहेता."

सांगितलंच. हे त्याच्यावर भडकले, तेव्हा म्हटलं, ओरडायचं तर आधी मला ओरडा.

इलेक्ट्रिशियननं रिले बसवला. आता दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच पातं वर येतं, आणि दर कापानंतर दोन्ही सोडावी लागतात. पट्टी लावून काही उपयोग नाही. हातमोजे मशीनवर बंद, कारण फिरत्या पात्यात कापड अडकलं तर हातच ओढला जातो. यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा हवा, हे १९४८च्या कारखाने कायद्यातच सांगितलं होतं. पण लहान तुकडा धरायचा कसा, हे कारागिराला आम्ही कधी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर त्यानंच लाकडी ठोकळा करून दाखवला. क्लॅम्प तो ठोकळा दाबतो आणि ठोकळा तुकड्याला.

ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली. बिल्डरनं चार शब्द सुनावले, ते मीच ऐकून घेतले.

आता सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी मी डाव्या बटणावरून बोट फिरवते. पट्टीचा चिकटपणा अजून पुरता गेलेला नाही.