तहानंतरचं ग्रंथालय

लढाई थांबलेल्या मुलखात आधी काय उभारायचं, असं विचारलं की रस्ता, दवाखाना, पोलीस ठाणं ही उत्तरं पटकन येतात. ग्रंथालयाचं नाव शेवटी निघतं, बहुतेकदा निघतच नाही. इंदुरात ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढलेल्या मला हा क्रम मान्य नाही. त्याला कारण आमचं गावच आहे.

१८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या हुकमतीतल्या शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं. पुढची कित्येक वर्षं माळवा फौजा आणि पेंढाऱ्यांच्या पायाखाली राहिला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपुरात इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. दिवाण तात्या जोगांनी मोडलेली आर्थिक घडी बसवली. १८५० च्या आसपास ‘मालवा अखबार’ हिंदी आणि उर्दूत निघत होता, आणि १८५४ मध्ये, दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत, इंदूर जनरल लायब्ररी सुरू झाली. म्हणजे तह पाहिलेली माणसं अजून हयात होती. तीनच वर्षांनी, १ जुलै १८५७ ला, इथल्या इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर तोफा चालल्या. त्या धामधुमीतूनही ही संस्था तरली.

राजाश्रयानं ग्रंथालय सुरू होतं, पण चालतं ते सभासदांच्या जिवावर, असं माझं ठाम मत आहे. वर्गणी भरणारा माणूस छपराच्या गळतीबद्दल तक्रार करतो, नवी कादंबरी का आली नाही म्हणून भांडतो. त्या भांडणानंच संस्था जागी राहते. इमारतीला देणगी मिळते, कोनशिलेवर नाव लागतं. ग्रंथपालाच्या पगाराला मात्र कुणी पैसे देत नाही.

इमारतीपेक्षा वाचक मोठा, हे काबूलमध्ये अफगाणिस्तानच्या अभ्यासक नॅन्सी ड्युप्री यांनी ओळखलं होतं. निर्वासितांनी भरलेल्या पेशावरमध्ये जमवलेली कागदपत्रं त्यांनी काबूल विद्यापीठात नेली आणि २०१३ मध्ये तिथं त्यांच्या संग्रहाची स्वतंत्र इमारत उघडली. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या त्यांच्या पुस्तकपेट्या. १९९६ पासून त्या गावोगावच्या शाळांत, मशिदींत जाऊ लागल्या. नवसाक्षरांना वाचता येईल असं फारसं काही छापलेलंच नव्हतं, म्हणून शेती, आरोग्य, इतिहास यांवरची सोपी पुस्तकं त्यांनी दरी आणि पश्तूत लिहवून घेतली. परदेशातून आलेल्या, कुणालाच न वाचता येणाऱ्या पुस्तकांच्या थप्प्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या कामाची किंमत कळेल.

ग्रंथालयाचं वजन त्याच्या शत्रूंनाही कळतं. १९८१ मध्ये श्रीलंकेतल्या जाफनाचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथ गेले, त्यांत ताडपत्रंही होती. ग्रंथ पुन्हा विकत घेता येतात, ती ताडपत्रं कुठून आणणार? तरी तमिळ वाचकांनी जिद्द सोडली नाही आणि ती वास्तू पुन्हा उभी राहिली.

आमच्याकडे इंदुरात पुस्तकांभोवती माणसंही जमली. महाराष्ट्र साहित्य सभेचा शारदोत्सव त्यातलाच. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलनं या हिंदी मुलखात भरली, ती ऐकणारा वाचक इथं तयार होता म्हणूनच.

आज आपल्या शहरावर तोफा नाहीत, पण वाचनकक्षातल्या खुर्च्या रिकाम्या आहेत. या दिवाळीत आपल्या गावच्या ग्रंथालयाची वर्षभराची वर्गणी भरा, आणि घरातल्या एका मुलाला सोबत नेऊन त्याच्या नावानंही खातं उघडा.