हापशाचं वायसर

गावात लोक म्हणतात, ‘हापसा गेला.’ पुष्कळदा हापसा गेलेला नसतो, त्याचं वायसर गेलेलं असतं. वर दिसतो तो नुसता दांडा, तोटी आन् चौथरा. खरा कारभार चालतो खाली, शंभर फुटांवर, पितळी अस्तराच्या नळकांड्यात. तिथं दट्ट्याला अडीच इंच रुंदीच्या दोन वाट्या असतात. मूळ त्या कातड्याच्या. वाटीची कड नळकांड्याला घट्ट बसली तर पाणी वर चढतं. कड झिजली की पाणी बाजूनं खाली निसटतं आन् बाईमाणूस नुसता वारा हापसत राहतं.

कातड्यानं पाणी काढणं आम्हाला नवं नव्हतं. आमच्या विहिरीवर मोट होती. सुगी संपली की बाप मोटंला तेल पाजायचा. फाटली तर चांभारकाका ठिगळ लावून द्यायचे, त्याचं बलुतं खळ्यावर ठरलेलं. चीज आपल्या माणसानं केलेली, म्हणून दुरुस्तीही गावातच.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या आन् काळ्या पाषाणात बोअर पडू लागले. त्या वेळचे बिडाचे हापसे घरगुती वापराच्या धाटणीचे. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की ते कसले टिकतात? त्यावर पहिला चांगला उपाय निघाला तो आमच्याच जालन्यात. साठच्या दशकाच्या शेवटी इथल्या स्कॉटिश मिशनच्या लोकांनी पोलादी, एकाच खिळीवर चालणारा हापसा केला. त्याचं नावच पडलं ‘जालना पंप’. सोलापूरला त्यात सुधारणा झाली. पुढं सरकार आन् युनिसेफ यांच्या खटपटीतून ‘इंडिया मार्क-२’ तयार झाला. तो देशभर गेला, पार आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला. आमच्या मारुतीच्या पारापाशी उभा आहे तो त्याच कुळातला.

काही वर्षांमागं ऐन वैशाखात तो रुसला. नळाला आठ दिवसांनी पाणी, टँकर आला तर आला. वस्तीवरच्या म्हाताऱ्या बायांना टँकरच्या रेटारेटीत कोण पुढं जाऊ देतं? त्यांना हापशाचाच आधार. पंचायतीत बोलणं निघालं, “काढून भंगारात घाला.” जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या काय कमी? एकदा वितळला की परत कोण बसवणार होतं!

मी दोन दिवस नुसता दांडे मोजत बसलो. सकाळी पहिलं पाणी यायला उशीर लागतो, पण एकदा आल्यावर धार जोरात पडते, तर समजायचं खालची झडप गळतीय, रातभर पाणी उतरून जातंय. धार पहिल्यापासून शेवटपर्यंत बारीकच असली तर वाट्या गेल्या. आमची धार करंगळीएवढी होती. म्हणजे वाट्याच.

जालन्याला गेलो. चार दुकानं पालथी घातली. सगळीकडं सबमर्सिबलचे ढीग. एक पोरगा म्हणाला, “काका, आता हापशाचं सामान कोण विचारतं?” दुसरा म्हणाला, गाडीच्या ट्यूबचे गोल कापून घाला. पण चपट्या रबराला कड नसते. पाण्याच्या वजनानं फुगून नळकांड्याला चिकटायचं काम वाटीच करती.

शेवटी जुन्या जालन्यात एका म्हाताऱ्या दुकानदारानं फळीवरून खोकं काढलं. वरच्या बाजूला कातडी वाट्या, पापडासारख्या कडक. खाली काळ्या रबराच्या. म्हणाला, “कातडी घ्यायची तर रातभर भिजवा आन् तेल पाजा. उन्हाळ्यात बोअर आटला तर ती वाळून आकसती. रबराला ते भ्या नाही.” मला एकदम बापाची मोट आठवली. पण घेतल्या रबराच्या. आठवणीनं पाणी वर येत नाही. सहा वाट्या घेतल्या, भाव एवढा किरकोळ की लाज वाटावी. एवढ्यासाठी अख्खा हापसा भट्टीत चालला होता!

मार्क-२ चं दुखणं हे की वाटी बदलायला सगळे पाइप उपसावे लागतात. दहा फुटी एकेक पाइप, आत सळई, वरून पाण्याचं वजन. जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले एक मिस्त्री आले, पोरं आली, तिकटी उभी केली. क्लँप सुटला तर सगळी माळ बोअरात, म्हणून कोणी बोलत नव्हतं. निघालेल्या वाट्यांची कड पार पातळ झालेली. दुपार कलल्यावर सगळं परत उतरवलं. आधी गंजाचं तांबडं पाणी आलं, मग नितळ. वस्तीवरची एक आजी घागर लावून म्हणाली, “बाबा, आता हात दुखंना गेले.”

दोन वाट्या बसवल्या, चार उरल्या. त्या मी कपाटात बियाण्याच्या पिशवीशेजारी ठेवल्यात आन् कुठं ठेवल्यात ते पोराला आन् सुनेला दाखवून ठेवलंय. घरात बी नसलं की पेरणीच्या दिवशी धावाधाव होते. पाण्याचंही तसंच असतं.