मचाणावरची पौर्णिमा आणि उन्हाची सवय

मे महिना जवळ आला की आमच्या खामगावच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बुद्ध पौर्णिमेला मचाणावर जायचं आहे. बीपीची गोळी चालू आहे. जाऊ ना?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. आणि ते एकटे कधीच जात नाहीत. शाळेतल्या नाहीतर कॉलेजातल्या चार-सहा मित्रांचं ठरलेलं असतं. कुणी पुण्याहून येणार असतो, कुणी मुंबईहून. माझं उत्तर बहुधा "जा" असंच असतं. पण त्याआधी मी उलटा प्रश्न विचारतो, "गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही उन्हात किती वेळ होतात?" आजचा लेख या प्रश्नाबद्दल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बुलढाणा आणि खामगाव यांच्यामध्ये, बोथ्याच्या घाटाच्या अंगाला, ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेलं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल. अस्वल, बिबट, चितळ, भेकर, नीलगाय ही इथली मंडळी. २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ महाराष्ट्र-तेलंगणात शेकडो किलोमीटर भटकून शेवटी इथे आला, तेव्हा या अभयारण्याचं नाव देशभर झालं. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग इथल्या पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर लोकांना बसू देतो. पूर्वी याला प्राणीगणना म्हणत, आता निसर्गानुभव म्हणतात. दुपारी मचाणावर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचं. मधे खाली उतरायला मनाई. चांदण्यात पाण्यावर येणारी जनावरं बघायची आणि कागदावर नोंद करायची.

आमचा एक वर्गमित्र अमेरिकेत मिशिगनला राहतो. हे ऐकून तो म्हणाला होता, "आमच्याकडेही असंच असतं, फक्त हातात धनुष्य असतं." तिथे १ ऑक्टोबरला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम उघडतो. मित्रांची टोळकी वर्षभर त्या पहिल्या शनिवार-रविवारची वाट पाहतात आणि झाडावर बांधलेल्या बैठकीत तासन् तास गप्प बसून राहतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे आपण फक्त बघायला जातो. पण मचाणावर बसलेलं शरीर दोन्हीकडे सारखंच: वर्षभर खुर्चीत बसलेलं आणि एका दिवसात जंगलात नेलेलं.

मिशिगनमधल्या डॉक्टरांनी याचा अभ्यास केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या २५ पुरुषांच्या छातीला त्यांनी ईसीजीचं यंत्र लावून दिलं. त्यातल्या अनेकांना आधीपासून हृदयविकार होता. सगळ्यांची ट्रेडमिल चाचणीही झाली होती. जंगलात १० जणांच्या हृदयाचे ठोके ट्रेडमिलवर गाठलेल्या सर्वात वरच्या आकड्याच्याही पुढे गेले. चढ, ओझं, आणि समोर हरीण दिसल्यावरची उत्तेजना, या सगळ्याचा तो परिणाम. तिथे निदान ऑक्टोबरची थंडी असते. आपल्याकडे या सगळ्यात भर पडते ती वैशाखाच्या उन्हाची, पारा चाळिशीच्या वर असतानाची.

एकाच मचाणावरची दोन शरीरं

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा वर्गमित्र ज्ञानगंगेत गेलो होतो. एका मचाणावर दोन जण आणि सोबत एक वनमजूर, अशी विभागणी झाली. माझ्या वाट्याला पुण्याचा मित्र आला. वय बावन्न. घरी एसी, गाडीत एसी, ऑफिसात एसी. रक्तदाबासाठी रोज एक गोळी, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं. रात्रभर ट्रॅव्हल्सने प्रवास करून तो आदल्या सकाळी आला होता, आणि त्या रात्री बाकीच्यांसोबत त्याची दोनपर्यंत बैठक झाली होती. बैठकीत गप्पांबरोबर जे असतं तेही होतं.

गाडीपासून मचाणापर्यंत थोडी चाल होती, मग शिडी. तीनच्या सुमाराला आम्ही वर बसलो. त्याने दोन लिटरची बाटली आणली होती, पण तो घोटभरच पाणी प्यायचा. का, म्हणून विचारलं तर हळूच म्हणाला, "वर बसल्यावर लघवीला जायचं कुठे?" मी त्याला रिकामी बाटली दाखवली. तो हसला, पण पाणी काही प्यायला नाही.

साडेचारला माझ्या लक्षात आलं की आमच्या वर्गातला सर्वात बोलका माणूस अर्धा तास झाला तरी काही कुजबुजलेला नाही. तो पोटरी चोळत होता. "काय होतंय रे?" "काही नाही. झोप झाली नाही." मी त्याचा हात हातात घेतला. नाडी एकशे वीस, कातडी घामाने चिकट, डोकं ठणकतंय, मळमळतंय. आज वार कोणता, कुठे आलोय, सोबत कोण आहे, हे मात्र त्याने नीट सांगितलं. तेवढ्याने मला जरा धीर आला, त्याचं कारण पुढे सांगतो.

आम्ही त्याला मचाणाच्या सावलीत आडवं केलं, शर्टाची बटणं काढली, पाय पिशवीवर उंच ठेवले. वनमजूर भाऊंनी आपला दुपट्टा पाण्यात पिळून त्याच्या मानेवर आणि छातीवर टाकला. मी टोपीने वारा घालत राहिलो आणि ओआरएस घोट घोट पाजत राहिलो. भाऊंनी वॉकीटॉकीवरून गाडी तयार ठेवायला सांगितलं. मी मित्राला म्हटलं, "अर्ध्या तासात उतार पडला नाही तर आपण खाली उतरतोय." तो म्हणाला, "वेडा आहेस का? वर्षभर वाट पाहिली सगळ्यांनी. गप्प बस."

अर्ध्या तासाने नाडी शंभराच्या खाली आली. आठच्या सुमाराला त्याने ती रिकामी बाटली मागितली, आणि त्या रात्री मला सर्वात जास्त आनंद त्याचाच झाला. नऊनंतर चितळांचा कळप पाण्यावर आला, तेव्हा तो उठून बसला होता. सकाळी खाली उतरल्यावर त्याने सांगितलं की पोटरीत गोळे चालतानाच यायला लागले होते. "मग बोलला का नाहीस?" "तुम्हा सगळ्यांचा रसभंग कशाला करायचा?"

मचाणावर तिसरं शरीर वनमजूर भाऊंचं होतं. वय जवळपास तेवढंच, ऊन तेच, मचाण तेच. त्यांचा शर्ट घामाने भिजलेला होता, पण नाडी अठ्ठ्याहत्तर. दर थोड्या वेळाने ते बाटली तोंडाला लावत. मित्राकडे बघून ते म्हणाले होते, "तहान लागाच्या पयले पानी प्या लागते, साहेब."

सवय झालेल्या शरीरात काय बदलतं?

उन्हात शरीर स्वतःला दोन वाटांनी थंड ठेवतं. एक, कातडीकडे जास्त रक्त पाठवून. दोन, घाम गाळून. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. दोन्हीसाठी पाणी लागतं आणि हृदयाला जास्त काम करावं लागतं.

रोज थोडं थोडं ऊन अंगावर घेतलं की एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलतं. पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ द्रव वाढतो, त्यामुळे त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. भाऊंचा भिजलेला शर्ट हे त्यांच्या तयार शरीराचं लक्षण होतं. ही सवय कायमची नसते. काही आठवडे गारव्यात राहिलं की ती मोडते. म्हणून "मी इथलाच, लहानपणी उन्हातच वाढलो" या बोलण्याला शरीराच्या लेखी किंमत नाही. माझा मित्रही खामगावचाच.

अमेरिकेत उन्हात काम करताना मरण पावलेल्या कामगारांची पाहणी झाली, तेव्हा दिसलं की जवळजवळ निम्मे मृत्यू कामाच्या पहिल्याच दिवशी झाले होते आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात. म्हणून तिथे नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हात फक्त २० टक्के काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं असा सल्ला दिला जातो. मचाणावर जाणारा शहरी माणूस हा पहिल्या दिवशीचा कामगारच, आणि तो पहिल्या दिवशीच पूर्ण शंभर टक्के ऊन घेतो. चितळं दुपारभर सावलीत बसून राहतात आणि ऊन कलल्यावर पाण्यावर येतात. आपण मात्र भर दुपारी चालत जातो.

कधी थांबायचं, कधी धावायचं?

उन्हाचा थकवा: भरपूर घाम, पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणं. पण माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. सावली, आराम, ओल्या कपड्याने अंग पुसणं, वारा आणि ओआरएस यांनी अर्ध्या-पाऊण तासात उतार पडायला हवा. पडला नाही, किंवा उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नसेल, तर दवाखाना गाठा.

उष्माघात: यात मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. "कातडी कोरडी पडली तरच उष्माघात" हा समज चुकीचा आहे. घाम येत असतानाही उष्माघात होतो. म्हणूनच मी मित्राला वार विचारला होता.

उष्माघाताची शंका आली की १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. जागेवरच थंड करायला लागा. कपडे सैल करा किंवा काढा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग होत नाही. गाडीतून नेतानाही थंड करणं चालू ठेवा.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, गार घाम, असं काही असेल तर ते "उन्हाने झालं" म्हणून सोडू नका. हृदयविकार समजून लगेच खाली उतरा.

जाण्याआधीचे पंधरा दिवस

रोज सकाळी उशिरा किंवा संध्याकाळी, उन्हात चाला. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवत तास-दीड तासापर्यंत न्या. चालताना चक्कर आली किंवा छातीत जड वाटलं, तर मचाणाचा बेत रद्द करून आधी डॉक्टरांना भेटा. हृदयविकार, मधुमेह किंवा जुना रक्तदाब असेल तर चालायला सुरुवात करण्याआधीच भेटा.

आपली औषधं डॉक्टरांना दाखवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, मधुमेहातल्या डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधं आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, या सगळ्यांमुळे शरीराची ऊन सोसण्याची ताकद कमी होऊ शकते. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.

आदल्या रात्री दारू नको, जागरण नको. बैठक परत आल्यावर करा. मचाणावर पाणी तहानेची वाट न बघता थोडं थोडं प्या. ओआरएसचं एक मोठं पाकीट एका लिटरमध्ये, पूर्ण पाकीट. पाकीट नसेल तर एका लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा जुना आजार असेल तर किती पाणी प्यायचं ते आधी विचारून घ्या. लघवी गडद पिवळी झाली असेल तर तुम्ही पाण्यात मागे पडला आहात. आणि रिकामी बाटली न लाजता सोबत घ्या.

शेवटची गोष्ट गटाने मिळून करायची आहे. निघण्याआधी सगळ्यांनी एकमेकांना शब्द द्या: ज्याला बरं वाटत नाही त्याने लगेच सांगायचं, आणि बाकीच्यांनी त्याची चेष्टा करायची नाही. जोडीदाराला तासातासाला नाव, वार, जागा विचारायची. पौर्णिमा पुढच्या वैशाखातही येणार आहे. एखादी रात्र हुकली तर हुकू द्या.