आवाज दिसतो तेव्हा

घरातल्या कॉम्प्युटरवर वीजबिल भरलं जातं, रेल्वेची तिकिटं काढली जातात, लग्नाचे फोटो साठवले जातात. माझ्या मते त्याचा सर्वांत सुंदर उपयोग यांपैकी कुठलाच नाही. या यंत्रामुळे आवाज डोळ्यांनी बघता येतो, आणि एकदा बघितला की तो आयुष्यभर वेगळा ऐकू येतो.

ऑडॅसिटी नावाचा एक प्रोग्रॅम २००० सालापासून फुकट मिळतो. ध्वनिमुद्रण त्यात उघडावं आणि स्पेक्ट्रोग्राम निवडावा. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो, स्वराची उंची खालून वर चढते, आणि जोर किती ते रंग सांगतो. टाळी वाजली की उभी रेघ उमटते. कुकरची शिट्टी धुरकट पट्ट्यासारखी उसळते. पावसाची सर पडद्याची सारी उंची व्यापते, तर रातकिडे आपल्या ठरलेल्या उंचीवर ठिपक्यांची माळ लावतात. कोकीळ ओरडतो तेव्हा प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा वर गेलेली दिसते. ती चढण आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण स्वर किती चढला हे बोट ठेवून दाखवता आलं नव्हतं.

हे चित्र काढण्यासाठी १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये खास यंत्र बांधावं लागलं होतं. ते एका वेळी जेमतेम २.४ सेकंदांचा आवाज घ्यायचं, आणि तेवढा रेखाटायला मिनिटं लागायची. तसलंच यंत्र वापरून केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच पक्ष्यांची गाणी तपासली. मोठ्या पक्ष्यांपासून दूर वाढवलेल्या पिल्लांना पुरतं गाणं येत नाही, हे त्या चित्रांतून स्पष्ट दिसलं. आज तेच काम माळ्यावर टाकलेला जुना कॉम्प्युटरही चुटकीसरशी करतो.

तंबोरा मात्र सावकाश बघावा. खर्जाची तार सेकंदाला १०० कंपनांवर मिळवली, की पडद्यावर १००, २००, ३००, ४०० अशा समांतर रेघा उमटतात, आखीव वहीच्या पानासारख्या. ५०० वरची रेघ म्हणजे गंधार. तो कुणी छेडलेला नसतो. गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच, आणि तो असा स्वच्छ आखलेला पाहिला तेव्हा मला खुर्चीवरून उठावंसं वाटेना. घोडीवर तारेखाली असलेलं सूत काढून पुन्हा वाजवा. वरच्या रेघा बघता बघता विझतात. सूत परत घालून, सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंज, खुलवा, त्या पुन्हा पेटतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली वीणा आणि तंबोऱ्यावर निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर, म्हणजे ज्या वरच्या रेघा, गप्प राहायला हवेत, ते तंबोऱ्यात बोलतात, कारण घोडी रुंद आणि वक्र असते. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी कानाने जे हेरलं, ते आता दिवाणखान्यात दिसतं.

या सगळ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती एक कॅसेट. माझ्या आत्याने ऐंशीच्या दशकात, जात्यावर बसून, ओव्या म्हटल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या टेपरेकॉर्डरने त्या टिपल्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडली आणि कॅसेट पूर्ण वाजू दिली, एवढंच काम. पडद्याच्या तळाशी एक सरळ रेघ आली. ती घरातल्या विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेऱ्यांच्या आसपास असते, त्यामुळे ती रेघ ५३ वर दिसली तेव्हा कळलं की टेप जलद वाजते आहे. वेग उतरवला आणि आत्याचा आवाज तिच्या वयाचा झाला.

मग खरखर काढायची पाळी आली. प्रोग्रॅम आधी नुसत्या खरखरीचा नमुना मागतो आणि तशाच जातीचा आवाज सगळीकडून पुसतो. नमुना दिला तर जात्याची घरघरही पुसली गेली. उरला तो पातळ, पाण्याखालून आल्यासारखा गळा. यंत्राला दोष देता येत नाही. त्याच्या लेखी नमुन्याशी जुळणारा जो आवाज तो अडथळा. पण ओवीचा श्वास जात्याच्या फेऱ्यावर बेतलेला असतो, खुंटा जिथे जड होतो तिथे शब्द लांबतो. घरघर गेली की ओवी नुसती चाल उरते. म्हणून मी ते पुसणं रद्द केलं आणि टेपची खरखर जात्यासकट राहू दिली. महाराष्ट्रातल्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जमवल्या, पण आपल्या घरची कॅसेट जपायला बाहेरून कुणी येणार नाही. चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी झिजते आणि चिकटते.

आत्या दिवाळीत आली, तेव्हा मी तिला पडदा दाखवला. चष्मा लावून ती बराच वेळ बघत राहिली. मग एका फिकट जागेवर बोट ठेवून म्हणाली, “इथं जात्यात वैरण घातली बघ. हात रिकामा झाला म्हणून आवाज थांबला.” पुढे एक उभी, उजळ रेघ होती. मी विचारलं, ही काय? “ते दूधवाल्यानं पातेल्याचं झाकण आपटलं. दारातनं हाक मारत होता, मी उठले नाही.” ते वाजवून पाहिलं. झाकण खणकन वाजलं, आणि मागून पुरुषाची हाकही आली, जी आजवर आमच्यापैकी कुणालाच ऐकू आली नव्हती. आत्या म्हणाली, “दुसरी बाजू लाव, तिथं तुझी आजी बोललीय.”