बदललेली काया

धाकट्या भावाच्या पहिल्या पुण्यतिथीच्या मिस्सासाठी इंग्लंडला गेलो. गॅरेजमध्ये त्याची बीएमडब्ल्यू झेड थ्री शोधू लागलो, तो तेथे तांबडी फेरारी उभी!

"२५० जीटीओ," पुतण्या म्हणाला.

अर्थात नक्कल. १९६२ ते १९६४ या काळात अशा अवघ्या ३६ मोटारी बनल्या. अस्सल मोटार आमच्यासारख्यांनी चित्रातच पाहावी. पुतण्याने बापाच्या मोटारीचे बाहेरचे पत्रे आणि दिवे उतरवून त्याच सांगाड्यावर फायबरग्लासची काया चढविली होती. सांध्यांत लांबी भरून ती घासण्यात त्याचा सारा हिवाळा गेला. मला मात्र राग आला. वडिलांची आठवण अशी सोलून काढावी?

"काका, आत बसा तर खरे."

बसलो. त्याने किल्ली फिरविली. फेरारीच्या बारा सिलिंडरांची गर्जना कोठून येणार? हे इंजिन सहाच सिलिंडरांचे. भाऊ मला विमानतळावर घ्यायला येई, तेव्हाचाच तो आवाज.

नाकाडावर घोड्याचे चिन्ह दिसले नाही. का, म्हणून विचारले.

"डॅडींची गाडी आहे ना! कागदोपत्री बीएमडब्ल्यूच."

मी पट्टा आवळला. चर्चपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.